महाजालावरील ज्ञानकोशांतील पुणें

मराठी विकिपीडिया हा ज्ञानकोश २००३ सालापासून महाजालावर वाचावयास मिळतो. कै. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या ज्ञानकोशांत एखादी चूक आढळल्यास वाचक ती फार तर समासांत टिपून ठेवी, व ती दुरुस्ती त्याच्याच प्रतीपुरती राही. या नव्या कोशांत कोणासही मूळ मजकुरावरच लेखणी चालवितां येते. पुण्याच्या पेठा, रस्ते, वाडे व पूल यांवरील लेख अशाच बिनवेतनी हौशी लेखकांनीं लिहिले आहेत, व तेच ते सुधारीत असतात. या जातीच्या लेखनाविषयीं आमच्या वाचकवर्गांत तुच्छताच फार दिसते. ती आम्हांस सर्वस्वीं मान्य नाहीं.

पोथ्यांचे पाठभेद लावणारास या कोशाची एक गोष्ट विशेष रुचेल. प्रत्येक लेखाचे पूर्वीचे सर्व पाठ, कोणी व केव्हां बदलले यासह, तेथें सामान्यतः जपून ठेवलेले असतात. आमच्या जुन्या नकलाकारांनीं एवढी मेहेरबानी केली असती तर कित्येक बखरींचे वाद मिटले असते !

दोष नाहींत असें मात्र नाहीं. सर्वांत मोठा दोष 'पूर्वीं' या एका शब्दांत सांठला आहे. अमक्या पेठेचें नांव पूर्वीं तमकें होतें, असें वाक्य लिहून लेखक पुढें जातो. पूर्वीं म्हणजे केव्हां ? बुधवार पेठेचेंच उदाहरण घ्या. औरंगजेबाच्या १७०३ च्या सुमाराच्या मुक्कामाशीं 'मुहियाबाद' हें नांव जोडलें जातें. कोठें तें या एका पेठेचें म्हणून येतें, तर कोठें सबंध पुणें शहराचें म्हणून. हीं दोन विधानें एक नव्हेत. कोशकारानें दोन्हीं देऊन प्रत्येकाचा आधार सांगावा. एक गाळून दुसरें निःशंकपणें लिहूं नये. लकडी पुलाचेंही तसेंच. लांकूड गेलें, दगड आला, संभाजी पूल हें नांवही मिळालें. तरी लोकांच्या तोंडीं लकडी पूलच राहिला. येथें सनावांचून नांव सांगणें व्यर्थ होय.

शनिवारवाड्याच्या बाबतींत उलट प्रकार घडतो. पायाभरणी १० जानेवारी १७३०, वास्तुशांति २२ जानेवारी १७३२ व आग १८२८, इतका कालक्रम निश्चित असतां हौशी लेखणी नारायणरावाच्या पिशाच्चाकडे वळते. दंतकथा लिहूं नये असें आमचें म्हणणें नाहीं ; ती दंतकथा म्हणून लिहावी. ज्या वाक्यास आधार नाहीं त्यापुढें 'संदर्भ हवा' असा शेरा मारण्याची या कोशांत सोय आहे, व दक्ष स्वयंसेवक ती वापरतात. असा शेरा मारण्याचें धैर्य आमच्या कांहीं छापील ग्रंथांच्या संपादकांस झालें असतें तर बरें होतें.

आतां आमच्या संग्राहक मित्रांच्या तक्रारीकडे येऊं. 'माझ्या संग्रहांतील कागदावरून' एवढ्याच आधारानें लिहिलेलें वाक्य तेथें टिकत नाहीं, म्हणून ते रुष्ट असतात. अप्रकाशित कागद तो कोश प्रमाण मानीत नाहीं, ही गोष्ट खरी. पण आमच्या मतें हा नियम योग्यच आहे. जो कागद दुसऱ्यास पाहतां येत नाहीं त्याची साक्ष कोणी तपासावी ? स्वयंसेवकानें वृत्तपत्राच्या पुरवणीचा हवाला दिला म्हणजे आपण हंसतों. पण त्याच्या हातीं दुसरें काय दिलें आहे? ना. वि. जोशी यांचें १८६८ चें पुण्याचें वर्णन व भारत इतिहास संशोधक मंडळानें प्रसिद्ध केलेलें 'पुणें नगर संशोधन वृत्त' हीं साधनें त्यानें अवश्य चाळावीं. परंतु एखादा बोळ केव्हां पडला, वाडा कोणाच्या हातून कोणाकडे गेला, हें घरांच्या खरेदीखतांतील चतुःसीमांवरून कळतें, आणि तीं खतें आपल्या पेट्यांत कसर खात पडलीं आहेत.

ज्यांच्यापाशीं पुण्याच्या पेठांचीं अशीं खतें असतील, त्यांनीं निदान मिति, पेठ व चतुःसीमा एवढ्यांची नक्कल करून त्रैमासिकाकडे पाठवावी. मूळ कागद त्यांच्याजवळच राहील.