‘विश्वस्त’ कोणाचा? : ट्रस्टेड कम्प्युटिंग आणि सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपन्यांचे अर्थकारण

प्रस्तावना

‘ट्रस्टेड कम्प्युटिंग’ ही संज्ञा मराठीत आणताना ‘विश्वसनीय संगणन’ असा शब्दप्रयोग सामान्यतः केला जातो. तो सोयीचा असला तरी दिशाभूल करणारा आहे. सुरक्षाशास्त्रात ‘ट्रस्टेड’ घटक म्हणजे विश्वासास पात्र ठरलेला घटक नव्हे. ज्याने दगा दिल्यास संपूर्ण सुरक्षाव्यवस्था कोसळते, असा घटक होय. पात्रता आणि भिस्त या दोन भिन्न गोष्टी आहेत. या अर्थाने ‘विश्वस्त’ हा शब्द अधिक समर्पक ठरतो. महाराष्ट्रातील शिक्षणसंस्थांना हा शब्द परका नाही. मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 (आता महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम) अन्वये विश्वस्त दुसऱ्याची मालमत्ता सांभाळतो, हिशेब तपासून घेतो आणि धर्मादाय आयुक्तांना उत्तरदायी असतो. संगणकातील चिपला ‘विश्वस्त’ म्हणावयाचे तर ती कोणाच्या वतीने विश्वस्त आहे आणि तिचा हिशेब कोण तपासतो, हे दोन प्रश्न अपरिहार्यपणे उपस्थित होतात. प्रस्तुत लेखात या प्रश्नांच्या आधारे सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपन्यांना या तंत्रज्ञानातून लाभ कसा मिळतो, याची चिकित्सा केली आहे.

तंत्राचे स्वरूप

1999 साली कॉम्पॅक, एच.पी., आय.बी.एम., इंटेल व मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी एकत्र येऊन या विषयावरील आघाडी स्थापन केली. 2003 मध्ये तिची जागा ‘ट्रस्टेड कम्प्युटिंग ग्रुप’ने घेतली. तिच्या प्रमाणकानुसार बनविली जाणारी चिप ‘ट्रस्टेड प्लॅटफॉर्म मोड्यूल’ अर्थात टी.पी.एम. या नावाने ओळखली जाते. 2009 मध्ये या प्रमाणकास आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला.

संगणक सुरू होत असताना प्रत्येक टप्प्यावरील आज्ञावलीचे गणिती मोजमाप घेतले जाते व ते चिपमधील नोंदवहीत साठविले जाते. मोजमाप अपेक्षेप्रमाणे असेल तरच चिप तिच्या ताब्यातील किल्ली मोकळी करते. शिवाय या नोंदींवर स्वतःची सही करून ती दूरच्या संगणकाला ‘हे यंत्र अमुक स्थितीत आहे’ असे प्रमाणपत्र देऊ शकते. येथे एक बाब विशेष लक्षात घ्यावयास हवी. चिप केवळ मोजते; मोजलेले चांगले की वाईट हे ती ठरवीत नाही. तो निर्णय चिपबाहेरील कोणीतरी घ्यावा लागतो.

श्रीरामपूरसारख्या ऊस आणि साखरेच्या परिसरात हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही. वजनकाटा वजन दाखवितो. परंतु काटा कारखान्याचा, ऊस शेतकऱ्याचा, म्हणून ‘काटामारी’चा संशय महाराष्ट्रात वर्षानुवर्षे बोलला जातो. या संशयावर उपाय म्हणून वैधमापन यंत्रणेचा शिक्का लागतो, कारण ती यंत्रणा कारखान्याचीही नसते आणि शेतकऱ्याचीही नसते. संगणकाच्या काट्यावर असा तटस्थ शिक्का मारणारी यंत्रणा नाही. ती रिकामी जागा ज्यांनी भरली, त्यांनीच बाजारपेठ निर्माण केली.

अविश्वासातून उभा राहिलेला व्यवसाय

विषाणूप्रतिबंधक सॉफ्टवेअरचा व्यवसाय मुळात संगणकावरील अविश्वासातून जन्मला. महाराष्ट्रातील याचे ठळक उदाहरण म्हणजे पुण्यातील क्विक हील. कैलाश काटकर यांनी यंत्रदुरुस्तीच्या व्यवसायापासून आरंभ केला. दुरुस्तीस येणाऱ्या संगणकांत विषाणू आढळू लागले, तेव्हा बंधू संजय काटकर यांनी त्यांवर आज्ञावली लिहिली. 1990 च्या दशकात ‘कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस’ या नावाने चाललेली ही कंपनी 2007 मध्ये क्विक हील टेक्नॉलॉजीज झाली आणि 2016 मध्ये शेअर बाजारात नोंदली गेली. तालुक्याच्या गावातील संगणक विक्रेत्याच्या काउंटरवर वार्षिक परवान्याची पेटी ठेवणे, हे या व्यवसायाचे सर्वपरिचित रूप होय. ग्राहक येथे वस्तू विकत घेत नाही. वर्षभराची निर्धास्तता भाड्याने घेतो.

हार्डवेअरनेच अनोळखी आज्ञावली रोखली, तर या भाड्याची गरज उरणार नाही, असा तर्क तेव्हा मांडता आला असता. प्रत्यक्षात तसे घडले नाही. यंत्राधिष्ठित विश्वासाने सुरक्षा-कंपन्यांचा व्यवसाय संपविला नाही. त्याचे स्थान बदलले. हे स्थानांतर तीन मार्गांनी झाले.

लाभाचे तीन मार्ग

पहिला मार्ग किल्ल्यांच्या व्यवस्थापनाचा. चिप संगणकात आली, तरी ती चालू करणे, किल्ल्यांची नोंद ठेवणे, कर्मचारी बदलल्यावर त्या परत मिळविणे ही कामे चिप करीत नाही. त्यासाठी सॉफ्टवेअर लागते. अमेरिकेतील वेव्ह सिस्टीम्स या कंपनीने नेमके हेच विकले. तिचे सॉफ्टवेअर डेलच्या संगणकांसोबत दिले जात असे. 2010 मध्ये सिमँटेकने पी.जी.पी. ही सांकेतिकीकरणातील कंपनी विकत घेतली, त्यामागेही हाच हिशेब दिसतो.

दुसरा मार्ग प्रवेशाधिकाराचा. 2006 साली मायक्रोसॉफ्टने व्हिस्टाच्या 64 बिट आवृत्तीत प्रणालीचा गाभा इतरांसाठी बंद केला, तेव्हा मॅकॅफी व सिमँटेक यांनी उघड विरोध केला. मॅकॅफीने तर ‘फायनान्शिअल टाइम्स’मध्ये पानभर जाहिरात दिली. परंतु पुढे विरोधकच व्यवस्थेचे भागीदार झाले. 2012 च्या विंडोज 8 मध्ये इतर चालकांपूर्वी सुरू होण्याचा मान विषाणूप्रतिबंधकाला मिळाला. अट एवढीच की त्यावर मायक्रोसॉफ्टची सही हवी. 2013 मध्ये अशा सहीप्राप्त सेवांना संरक्षित प्रक्रियेचा दर्जाही मिळाला. ज्यांना सही मिळाली त्यांच्यासाठी ही तटबंदी आहे आणि ज्यांना मिळाली नाही त्यांच्यासाठी तोच अडसर आहे. पुण्यातील एका दुरुस्तीच्या दुकानातून 1990 च्या दशकात जे घडू शकले, ते आज या सहीवाचून घडणे दुरापास्त आहे.

तिसरा मार्ग प्रमाणीकरणाच्या भाड्याचा, आणि तो भारतीय वाचकाच्या अधिक परिचयाचा आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 अंतर्गत डिजिटल सहीची खाजगी किल्ली यू.एस.बी. टोकनमध्ये राहते. टोकन एकदा विकत घेतले जाते. प्रमाणपत्राची मुदत मात्र संपते व नूतनीकरणाचे शुल्क पुन्हा भरावे लागते. आधार पडताळणीसाठी लागणाऱ्या नोंदणीकृत बोटठसा यंत्राचेही असेच आहे. यंत्र टेबलावर सुस्थितीत असते, पण त्याच्या ‘आर.डी. सर्व्हिस’ची मुदत संपली की ते पडताळणीपुरते निरुपयोगी ठरते. सेवाकेंद्र चालविणाऱ्याने वस्तूची किंमत चुकती केलेली असते. तिच्यावरील विश्वासाची किंमत मात्र त्याला ठराविक मुदतीने चुकती करावी लागते.

लाभाच्या मर्यादा

तथापि, सुरक्षा-कंपन्यांनी हार्डवेअरच्या आडून अखंड नफा मिळविला असे म्हणणे वस्तुस्थितीस धरून होणार नाही. इंटेलने 2010 मध्ये 7.68 अब्ज डॉलर्सला मॅकॅफी विकत घेण्याची घोषणा केली. चिपनिर्माता आणि सुरक्षा-कंपनी एका छताखाली आल्यास सुरक्षा सिलिकॉनमध्येच उतरेल, अशी अपेक्षा होती. 2011 मध्ये ‘डीपसेफ’ हे तंत्र त्यातूनच पुढे आले. 2016 मध्ये मात्र इंटेलने बहुसंख्य हिस्सा विकण्याचा करार केला. त्या वेळी कंपनीचे मूल्य 4.2 अब्ज डॉलर्स धरले गेले. वेव्ह सिस्टीम्सने 2016 मध्येच दिवाळखोरी जाहीर केली. चिपच्या जवळ असणे म्हणजे नफ्याच्या जवळ असणे नव्हे, हे या दोन उदाहरणांतून स्पष्ट होते. कोणते मोजमाप ग्राह्य आणि कोणती सही वैध हे ठरविण्याचा अधिकार ज्याच्याकडे राहतो, त्याच्याकडे नफा वळतो. विंडोजमध्येच डिफेंडर समाविष्ट करणारी मायक्रोसॉफ्ट आज इतरांची परीक्षक आहे आणि स्पर्धकही आहे.

केंब्रिजचे रॉस अँडरसन यांनी 2002 च्या सुमारासच दाखविले होते की, या रचनेत यंत्राचे नियंत्रण मालकाकडून सॉफ्टवेअर निर्मात्याकडे सरकते. रिचर्ड स्टॉलमन यांनी त्याच वर्षी या संगणनाला विश्वासघाती म्हटले. स्टॉलमन यांची टीका मूल्यात्मक दृष्ट्या मोलाची असली तरी ती एका बाबतीत अपुरी वाटते. चोरीस गेलेल्या लॅपटॉपमधील विद्यार्थ्यांची माहिती चिपमुळे सुरक्षित राहू शकते, आणि प्रणालीच्या मुळाशी दडणारे विषाणू सुरुवातीच्या मोजमापात उघड होऊ शकतात, हे लाभ खरे आहेत. लिनक्स वापरणारा मालक स्वतःच्या किल्ल्यांसाठीही हीच चिप वापरू शकतो. तेव्हा आक्षेप चिपवर नसून तिच्या विश्वस्तपदाच्या अटींवर असावयास हवा.

19 जुलै 2024 ची घटना

या अटींची परीक्षा 19 जुलै 2024 रोजी झाली. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या सदोष अद्ययावतीकरणामुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे 85 लाख विंडोज संगणक बंद पडले. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. बंद पाडणारा चालक अनधिकृत नव्हता. त्यावर रीतसर सही होती. मोजमाप बरोबर होते, सही बरोबर होती आणि तरीही यंत्र कोसळले. ‘विश्वस्त’ आणि ‘विश्वासार्ह’ यांतील अंतर यापेक्षा स्पष्टपणे क्वचितच दिसले असेल. पुढची विसंगती अशी की, चिपमध्ये किल्ली असलेले अनेक संगणक दुरुस्त करताना तंत्रज्ञांना 48 अंकी पुनर्प्राप्ती क्रमांक मागितला जात होता. यंत्रासमोर मालक उभा होता, परंतु यंत्र त्याला ओळखत नव्हते.

महाविद्यालयांच्या संदर्भात

हा प्रश्न दूरच्या कंपन्यांचा नाही. 2021 मध्ये आलेल्या विंडोज 11 साठी टी.पी.एम. 2.0 अनिवार्य आहे आणि विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. प्रयोगशाळेतील चालू स्थितीतील संगणक केवळ चिपअभावी ‘जुने’ ठरले. शैक्षणिक संस्थांना विस्तारित सुरक्षा-अद्ययावतीकरण प्रति संगणक पहिल्या वर्षी 1, दुसऱ्या वर्षी 2 आणि तिसऱ्या वर्षी 4 डॉलर्स या दराने देऊ करण्यात आले. रक्कम लहान आहे. पण दरवर्षी दुप्पट होणारा दर संस्थेला कोणत्या दिशेने ढकलतो, हे वेगळे सांगावयास नको. एकीकडे नवीन यंत्राची विक्री, दुसरीकडे जुन्या यंत्रासाठी संरक्षणाचा परवाना. दोन्ही वाटांनी खर्च अनुदानातूनच होतो.

या परिस्थितीत संस्थांनी काही साध्या गोष्टी पाळणे आवश्यक आहे. यंत्राची नोंद डेडस्टॉक रजिस्टरला होते, तशी त्याच्या पुनर्प्राप्ती क्रमांकाची नोंदही बंद लिफाफ्यात संस्थेकडे राहावी. ती विक्रेत्याच्या किंवा एखाद्या कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक खात्यात राहू नये. खरेदीच्या अटींत स्वतःच्या किल्ल्या बसविण्याची मुभा व पुढील नूतनीकरणाचे दर लेखी मागावेत. केवळ टंकलेखन व शिकवणीसाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या यंत्रांवर सी-डॅकची बॉस लिनक्ससारखी मुक्त प्रणाली बसवून ती सेवेत ठेवता येतील. आणि प्राचार्यांचे टोकन व त्याचा पिन एकाच खणात ठेवण्याची प्रथा जेथे असेल तेथे ती प्रथम थांबवावी. चिप कितीही भक्कम असली, तरी चिठ्ठीवर लिहिलेल्या पिनचे रक्षण ती करू शकत नाही.

समारोप

सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपन्या ट्रस्टेड कम्प्युटिंगमधून नफा मिळवितात तो चिप विकून नव्हे, तर चिपने घेतलेल्या मोजमापाचा अर्थ लावण्याचा अधिकार भाड्याने देऊन. हा व्यवसाय बेकायदेशीर नाही आणि अनेकदा उपयुक्तही आहे. परंतु ज्या समाजात मंदिराच्या, शाळेच्या, तालमीच्या विश्वस्तालाही हिशेब द्यावा लागतो, तेथे प्रत्येक टेबलावरील या नव्या विश्वस्ताला मात्र कोणी हिशेब विचारीत नाही. काट्यावर शिक्का मारणारी तटस्थ यंत्रणा निर्माण होईपर्यंत तो विचारण्याची जबाबदारी यंत्राच्या मालकावर, म्हणजेच संस्थेवर राहते. किमान खरेदीच्या कागदावर सही करण्यापूर्वी ‘हा विश्वस्त कोणाचा?’ एवढा प्रश्न तरी विचारला जावा.