पहिला संगणक आणि ‘ळ’

दिवाळी अंकांत आणि मंडळांच्या स्मरणिकांत अलीकडे एक नवा स्मरणलेख रूढ होऊ लागला आहे: लहानपणी घरी आलेल्या पहिल्या संगणकाचा. पूर्वी या जागी रेडिओ असे, पुढे दूरदर्शन संच आला. हे लेख आम्ही आवडीने वाचतो. तरी वाचून झाल्यावर काहीतरी राहून गेल्याची रुखरुख लागते.

यांतील अनेकांचा नायक म्हणजे इंग्लंडात १९८२ साली निघालेला सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम. त्याची सुधारित आवृत्ती डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवान्याने भारतात ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने विकली. स्मृती ४८ किलोबाइट, पडदा घरच्याच टीव्हीचा आणि प्रोग्रॅम साठवायला साधी कॅसेट. ज्या टेपरेकॉर्डरवर सकाळी नाट्यगीते लागत, त्यावरच दुपारी ती कर्कश शिट्टी वाजे. मिनिटेच्या मिनिटे वाट पाहावी आणि शेवटी पडद्यावर चूक झाल्याची ओळ उमटावी! ही प्रतीक्षा आमचे लेखक फार सुरेख रंगवतात, त्याला दाद दिलीच पाहिजे. पुढे मात्र खेळांची यादी आणि ‘गेले ते दिवस’ हा उसासा. असा लेख मँचेस्टरच्या मुलानेही लिहिला असता. तो भोपाळच्या मराठी घरातून आला आहे, याची खूण त्यात सापडत नाही.

ती खूण खुद्द त्या यंत्रातच होती. ‘जे’ ही कळ दाबली की ‘लोड’ हा अख्खा इंग्रजी शब्द उमटे. स्पेलिंग येण्याचीही गरज नसे. मुलाने पडद्यावर उमटवलेले स्वतःचे नाव अर्थातच रोमन लिपीत. तेथे काळे आणि काले एकच. शाळेच्या हिंदी हजेरीपटात तर काळ्यांचा मुलगा आधीच ‘काले’ झालेला. आपल्या शहराचे नावही हिंदीत भोपाल; त्याला ‘भोपाळ’ म्हणणारे आपणच. १९५६ साली हे शहर राजधानी झाल्यावर नागपूर-ग्वाल्हेरकडून आलेल्या घरांनी जे काही जपले, त्यांत हा ‘ळ’ही आहे, आणि तो लहान ऐवज नव्हे.

त्या यंत्रात स्वतःची अक्षरे घडवण्यासाठी २१ घरे राखून ठेवलेली होती, प्रत्येक ८ गुणिले ८ ठिपक्यांचे. देवनागरीला ती अपुरीच. वेलांटीसाठी वर दोन ओळी, शिरोरेषेला एक आणि उकाराला खाली दोन सोडल्या, तर अक्षराच्या देहाला उरतात तीन. शिवाय आपली व्यंजनेच तिसाहून अधिक. पुढे पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डाने संगणकावर देवनागरी आणली, पण ती मोठ्या पीसींवर. पोरांच्या या खेळण्यावर नव्हे. एकट्या ‘ळ’ला मात्र एक घर सहज पुरले असते. कुणी ते घडवले होते काय? घडवले असल्यास कॅसेटवर उतरवून ठेवले होते काय? कारण यंत्र बंद करून पुन्हा लावले, की त्या २१ घरांत ‘ए’पासून ‘यू’पर्यंतची रोमन अक्षरे परत येऊन बसत.