'स्वदेशी' क्षेपणास्त्र म्हणजे नेमकं काय?

जहाजविरोधी क्षेपणास्त्राची चाचणी झाली की दुसऱ्या दिवशी 'स्वदेशी' हा शब्द ठळक अक्षरांत छापून येतो. वेग येतो, पल्ला येतो. आतला कोणता भाग कुठे बनला, हे मात्र क्वचित येतं. आमचा आक्षेप आहे तो यावर.

हे मावळात बोलायला कारण आहे. लोणावळ्याहून समुद्र दिसत नाही, पण नौदलाचे इंजिनिअर इथे घडतात. 'आयएनएस शिवाजी' १९४५ पासून इथे उभी आहे. तळेगावात एल अँड टीचा संरक्षण सामग्रीचा कारखाना आहे. पुढे पुण्यात, सुतारवाडीला, डीआरडीओच्या एचईएमआरएल प्रयोगशाळेत रॉकेटचं इंधन आणि स्फोटकं यांवर काम चालतं. म्हणजे सुट्या भागांची ही गोष्ट आपल्या दारातलीच आहे.

४ डिसेंबर १९७१ ची रात्र आपण अभिमानानं सांगतो. 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' यांनी कराचीवर हल्ला केला. पराक्रम आपला, यात वाद नाही. पण क्षेपणास्त्रं सोव्हिएत, नौकाही सोव्हिएत. नौकांचा पल्ला कमी, म्हणून सोबत 'पोषक' हे तेलवाहू जहाज न्यावं लागलं. क्षेपणास्त्र एकटं लढत नाही, हे तेव्हाच दिसलं होतं.

आता 'ब्रह्मोस' बघा. पहिली चाचणी १२ जून २००१ ला झाली. मूळ आराखडा रशियाच्या ओनिक्सचा. भारतीय सीकर, म्हणजे लक्ष्य शोधणारा डोळा, लावून चाचणी झाली मार्च २०१८ मध्ये. भारतीय बूस्टर आणि सांगाड्याचा भाग घेऊन ते उडालं सप्टेंबर २०२० मध्ये. सतरा-एकोणीस वर्षं! या काळाला एकच 'स्वदेशी' शिक्का मारला, की ज्यांनी एकेक भाग झगडून आणला त्यांचं श्रेय पुसलं जातं.

नौदलाचं हेलिकॉप्टरवरून सुटणारं कमी पल्ल्याचं क्षेपणास्त्र मे २०२२ मध्ये पहिल्यांदा डागलं गेलं. त्यात अवरक्त सीकर आहे, फायबर ऑप्टिक जायरोवर चालणारी दिशादर्शन यंत्रणा आहे, लाटांपासूनची उंची मोजणारा रेडिओ अल्टीमीटर आहे, गळून पडणारा बूस्टर आहे. फेब्रुवारी २०२५ च्या चाचणीनंतर सरकारी निवेदनात एचईएमआरएलसह प्रयोगशाळांची नावं आली. हे चांगलं झालं. बातम्यांनी तेवढंच उचललं असतं तरी पुष्कळ होतं.

कारण भाग दिसायला साधा असतो, तसा तो नसतो. घन इंधनाचंच घ्या. ओतलेल्या इंधनाला बारीक तडा गेला, तर जळणारा पृष्ठभाग वाढतो, दाब वाढतो आणि नळकांडंच फुटू शकतं. म्हणून ते बनवणं, तपासणं, वर्षानुवर्षं जपणं, हे सगळं ज्ञान घरचं लागतं. टक्केवारी इथे फसवते. किमतीत पाच टक्के असलेला भाग युद्धात बाहेरून आला नाही, तर उरलेले पंचाण्णव टक्के गोदामात पडून राहतात.

तेव्हा पुढची बातमी वाचताना एवढंच विचारा: डोळा कुणाचा, इंधन कुणाचं, आणि बिघडलं तर दुरुस्त कोण करणार? आपल्याकडच्या आयटीआयमध्ये शिकणाऱ्या मुलांनी तर हे नक्की विचारावं. त्यांचं काम त्या उत्तरांत आहे.