रेवदंड्याच्या भिंती आणि कोर्लईची माणसे

कुंडलिका नदी समुद्राला मिळते त्या खाडीच्या उत्तर तीरावर रेवदंडा आणि दक्षिण तीरावर कोर्लई आहे. उत्तरेकडे पोर्तुगीज चर्चांच्या भिंती उभ्या आहेत, परंतु त्यांत प्रार्थना होत नाही. दक्षिणेकडे प्रार्थना अखंड चालू आहे, परंतु अभ्यासकांना मोहविणारी ती भव्य वास्तू तेथे नाही. आजवर भिंतींचा अभ्यास पुरातत्त्वाने केला आणि माणसांचा भाषाशास्त्राने. ही वाटणी सोयीची असली तरी तिच्यामुळे एकच विषय दुभंगला आहे, हे दाखविण्याचा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

प्रथम वास्तूंविषयी. १५२१ मध्ये निजामशाहीच्या संमतीने पोर्तुगीजांनी चौलच्या खालच्या भागात, म्हणजे आजच्या रेवदंड्यात, कोट बांधावयास घेतला. त्यानंतर फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेझुइट आणि ऑगस्टिनियन या पंथांनी येथे आपापली चर्चे आणि मठ उभारले. जे. गर्सन द कुन्हा यांनी १८७६ मध्ये चौल व वसई यांच्या पुरावशेषांवर ग्रंथ लिहून या स्थळांची इमारतवार ओळख करून दिली व शिलालेखांकडे लक्ष वेधले. त्या श्रमांचे ऋण पुढील प्रत्येक अभ्यासकावर आहे. परंतु त्या पद्धतीचा एक दोषही वारशाने आपल्याकडे आला. इमारत कोणत्या पंथाची आणि केव्हाची, हे ठरले की प्रश्न संपला असे आपण मानू लागलो. ती पडली कशी, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला.

या प्रश्नाचे उत्तर भग्नावशेषांच्या रचनेतच सापडते. या किनाऱ्यावरील पोर्तुगीज चर्चांत वेदीच्या भागावर, आपल्या परिभाषेत गाभाऱ्यावर, बहुधा दगडी कमानीचे छत असे. उपासक बसत त्या लांबट दालनावर मात्र लाकडी वासे आणि कौले असत. वसईच्या अवशेषांत हा भेद स्पष्ट दिसतो. कोकणात चार महिने पाऊस झोडपतो. कौले चाळून पुन्हा लावणे, कुजलेला वासा बदलणे, ही शाकारणी दरवर्षी मृगापूर्वी व्हावीच लागते, आणि ती करणारा समाज गेला की छप्पर काही पावसाळ्यांतच बसते. म्हणून पुरोहिताची जागा दगडाखाली टिकली आणि लोकांची जागा आधी उघडी पडली. अशा भग्नतेचे सारे श्रेय तोफांना देणे योग्य नाही. उपासकांचे तेथून निघून जाणे हेही तिचे तितकेच प्रबळ कारण मानले पाहिजे.

लोकांनी दिलेल्या नावांकडेही याच दृष्टीने पाहावे. संत बार्बारा हिच्या नावाने असलेल्या फ्रान्सिस्कन चर्चचा मनोरा स्थानिक लोक ‘सातखणी बुरूज’ म्हणून ओळखतात. त्याचे वरचे मजले ढासळले, तरी नाव पूर्ण सात खणांचेच राहिले. घंटेच्या मनोऱ्याला बुरूज म्हणणे हे अज्ञान होय, असा शेरा सहज मारता येईल. परंतु १५७०–७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने घातलेल्या वेढ्यात हा फ्रान्सिस्कन मठच लढाईचे एक ठाणे झाला होता. शहराभोवतीचा पक्का तट त्यानंतरचा आहे. तेव्हा ‘बुरूज’ या शब्दात चूक आहे की स्मृती, याचा निवाडा इतक्या घाईने करू नये.

१७३९ मध्ये वसई पडली आणि १७४० च्या तहाने चौल व कोर्लई मराठ्यांकडे आली. पोर्तुगीज निघून गेले. चर्चच्या आश्रयाने वाढलेला येथला ख्रिस्ती समाज मात्र मागे राहिला. कोर्लईत माउंट कार्मेल मातेच्या चर्चभोवती तो आजही वसलेला आहे. धर्माने शेजाऱ्यांपासून वेगळा आणि राज्यकर्त्यांपासून तुटलेला असा हा समाज घरात पोर्तुगीजपासून घडलेली एक मिश्र भाषा बोलत राहिला. तिला ते ‘नॉ लिंग’, म्हणजे आपली भाषा, म्हणतात. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी १९९६ च्या आपल्या ग्रंथात तिचा सविस्तर विचार केला आहे. तिचा शब्दसंग्रह मुख्यत्वे पोर्तुगीज, पण क्रियापद मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी येते. आराखडा लिस्बनचा आणि दगड, चुना, कारागिराचा हात कोकणचा, अशा चर्चच्या बांधणीशी याचे साम्य आहे. भाषेत मात्र हे नाते उलटे झाले आहे: साहित्य परके आणि रचना येथली.

वस्तूंची स्थलांतरेही याच इतिहासात मोडतात. याच जिल्ह्यातील पाली येथे बल्लाळेश्वराच्या देवळात एक युरोपीय घडणीची घंटा आहे. ती चिमाजी अप्पांनी वसईच्या विजयानंतर अर्पण केली, असे सांगितले जाते. तिच्याकडे केवळ विजयचिन्ह म्हणून पाहणे अपुरे आहे. देवळात टांगल्यावर तिचे मूळचे काम थांबले नाही. भाविकांना जागे करणे तेथेही तिच्याकडेच राहिले. रेवदंड्याचे मनोरे मुके झाले, पण या किनाऱ्यावरील घंटांचा इतिहास तेथे संपत नाही.

यावरून अभ्यासाची एक दिशा सुचवावीशी वाटते. रेवदंड्याच्या चर्चांची मोजमापे घेताना खाडीपलीकडील समाजाच्या आठवणी, प्रार्थना आणि नावे यांची नोंद त्याच वहीत व्हावी. यात दिरंगाई परवडणारी नाही. १९८६ मध्ये खाडीवर पूल झाला आणि कोर्लईचे पूर्वीचे एकाकीपण ओसरू लागले. ते ओसरणे गावाच्या हिताचेच आहे. परंतु जी भाषा त्या एकाकीपणात टिकली ती त्याशिवाय टिकेल, याची शाश्वती नाही. ती बोलणारे आज हजाराच्या आसपासच आहेत. पडलेल्या भिंतीचा निदान पाया उरतो आणि तो पुढच्या पिढीला उकरून पाहता येतो. न बोलल्या गेलेल्या भाषेचा असा पाया जमिनीत सापडत नाही. म्हणून आपल्या विद्यार्थ्यांनी टेप घेऊन रेवदंड्यास अवश्य जावे, पण दिवस मावळण्यापूर्वी पूल ओलांडून कोर्लईसही जावे.