मुद्रा, नोंद आणि मर्यादा : जॉर्जियाच्या राज्यसचिवपदाचे एक परीक्षण

‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’ हे पदनाम मराठी वाचकास अपरिचित नाही. परंतु त्या नावाने त्याच्या मनात उभी राहणारी चित्रे बहुधा दोनच. एक, १९४७ पर्यंत लंडनमध्ये बसून हिंदुस्थानचा कारभार पाहणारा भारतमंत्री. दुसरे, अमेरिकन संघराज्याचा परराष्ट्रमंत्री. अमेरिकेच्या ५० घटक राज्यांपैकी ४७ राज्यांतही, काही ठिकाणी नावाच्या किंचित फरकाने, असा एक अधिकारी असतो आणि त्याचा साम्राज्याशी वा परराष्ट्रव्यवहाराशी काडीचाही संबंध नसतो, ही गोष्ट आपल्याकडे क्वचितच ध्यानी घेतली जाते. राज्याची महामुद्रा सांभाळणे, कायदे व सनदा नोंदवून ठेवणे, व्यापारी मंडळ्यांची नोंदणी करणे आणि बहुतेक राज्यांत निवडणुकांची व्यवस्था पाहणे ही त्याची कामे होत. त्याला ‘राज्यमंत्री’ म्हणावे, तर आपल्याकडे त्या शब्दाला निराळाच अर्थ आहे. म्हणून प्रस्तुत लेखात ‘राज्यसचिव’ हा शब्द योजिला आहे.

या शब्दयोजनेस आपल्या इतिहासाचाही थोडा आधार आहे. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत सुरनिसास ‘सचिव’ ही संज्ञा मिळाली. राजपत्रे तपासावी, त्यांतील अधिकउणे शुद्ध करावे, हे त्याचे काम. राजाज्ञा त्याची नव्हे; ती यथास्थित उतरली आहे की नाही, एवढे पाहणे त्याचे. पत्राच्या अखेरीस मोर्तब होई, ते मर्यादेचे चिन्ह. मजकूर येथे संपला, यापुढे कोणी अक्षर वाढवू नये, असा त्याचा अर्थ. दोन संस्थांत वंशसंबंध मुळीच नाही. परंतु ‘मर्यादा’ ही कल्पना पुढील विवेचनास उपयोगी पडेल.

उदाहरणादाखल जॉर्जिया हे एकच राज्य घेऊ. या राज्यातील राज्यसचिवपदाचा इतिहास पुष्कळसा आख्यायिकांच्या रूपाने सांगितला जातो, आणि त्या सर्वांचा नायक एकच आहे : संकटकाळी मुद्रा वा दप्तर लपविणारा निष्ठावंत सेवक. पहिला राज्यसचिव जॉन मिल्टन (आंग्ल महाकवीशी त्याचे केवळ नामसाम्य) याने स्वातंत्र्ययुद्धात सॅव्हाना शहर १७७८ च्या डिसेंबरात इंग्रजांच्या हाती पडले तेव्हा राज्याचे दप्तर बाहेर काढले आणि ते पुढे राज्याराज्यांतून उत्तरेकडे सुरक्षित नेले. १८६४ साली शर्मनचे सैन्य तत्कालीन राजधानी मिलेजव्हिलवर चालून आले, तेव्हा राज्यसचिव नेथन बार्नेट याने महामुद्रा घराखाली दडविली. या कथा ऐकावयास गोड आहेत. परंतु समीक्षकाने त्यांना एक प्रश्न विचारलाच पाहिजे : ही निष्ठा नेमकी कशावरची?

हा प्रश्न किती निकडीचा आहे, ते १८६८ च्या प्रसंगावरून दिसते. यादवी युद्धानंतर, मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांनी मतदान करून निवडलेली घटनापरिषद जॉर्जियात भरली. तिच्या खर्चास पैसे देण्याचे गव्हर्नर चार्ल्स जेंकिन्सने नाकारले आणि सेनापती मीड याने त्याला पदच्युत केले. जेंकिन्स जाताना राज्याचा पैसा व गव्हर्नरच्या दप्तराची मुद्रा घेऊन राज्याबाहेर गेला. १८७२ मध्ये जुना पक्ष पुन्हा सत्तेवर आल्यावर त्याने ती परत केली, आणि विधिमंडळाने सोन्यात घडविलेली मुद्रेची प्रतिकृती देऊन त्याचा गौरव केला. कथेचा साचा तोच. अर्थ मात्र उलटा. येथे मुद्रा शत्रूपासून राखली गेली नाही. काल मुक्त झालेल्या माणसाच्या मतापासून ती दूर ठेवली गेली. खरी सत्ता कोणाची, याचा निर्णय मुद्रा धारण करणाऱ्याने स्वतःच करून टाकला होता. जेंकिन्स राज्यसचिव नव्हता हे खरे. परंतु मुद्रा लपविणे हाच गुण मानला, तर त्यालाही त्याच मालिकेत बसवावे लागते. तेव्हा दोष कसोटीतच आहे.

यापुढचा प्रसंग १९४७ चा. गव्हर्नर म्हणून निवडून आलेला यूजीन टॅल्मज पदग्रहणापूर्वीच, २१ डिसेंबर १९४६ रोजी, वारला. त्याचा पुत्र हर्मन यास विधिमंडळाने निवडले. नवनिर्वाचित उपगव्हर्नर एम. ई. थॉम्पसन याने पदावर हक्क सांगितला. आणि मावळता गव्हर्नर एलिस आर्नल याने प्रथम जागा सोडण्याचे नाकारले. एका राज्याला तीन गव्हर्नर झाले. मुद्रा होती राज्यसचिव बेन फॉर्टसन याच्यापाशी. तो अपंग होता. त्याने ती आपल्या चाकांच्या खुर्चीतील उशीखाली ठेवली आणि न्यायालयाचा निर्णय होईपर्यंत कोणाच्याही हाती दिली नाही. मार्चमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने थॉम्पसनच्या बाजूने निकाल दिला.

बाह्यतः हीही मुद्रा लपविण्याचीच कथा. परंतु फॉर्टसनचे मोठेपण लपविण्यात नाही, निर्णय न करण्यात आहे. जेंकिन्सने मुद्रा नेली ती आपला निर्णय खरा ठरविण्यासाठी. फॉर्टसनने राखली ती निर्णय ज्याचा त्याला करता यावा म्हणून. सेवकाने आपल्या अधिकाराची सीमा ओळखणे, हाच या पदाचा खरा धर्म होय.

हा धर्म पुढे अधिक बिकट झाला. राज्याचे दप्तरखाते २०१३ साली राज्यसचिवाच्या कचेरीतून निघून विद्यापीठव्यवस्थेकडे गेले. निवडणुकांचे काम मात्र तेथेच राहिले. नोंदी राखणाऱ्या सेवकाचे महत्त्व उणावून, मते मोजून घेणाऱ्या पंचाचे वाढले. आणि हा पंच स्वतःच पक्षाच्या तिकिटावर निवडून येतो. २०१८ मध्ये राज्यसचिव ब्रायन केम्प हा गव्हर्नरपदाचा उमेदवार होता. मतदान ६ नोव्हेंबरला झाले आणि त्याने राज्यसचिवपद सोडले ते ८ नोव्हेंबरला. त्याच्या हातून अन्याय घडला की नाही, हा वाद येथे अप्रस्तुत आहे. पंच आणि खेळाडू एकच असू शकतो, एवढी सोय कायद्याने ठेवली होती, हाच मुख्य आक्षेप.

त्यानंतर दोनच वर्षांनी याच पदाची कसोटी लागली. २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीत जॉर्जियातील सुमारे ५० लक्ष मते हातांनी पुन्हा मोजण्यात आली. अंतिम अंतर ११,७७९ मतांचे राहिले. २ जानेवारी २०२१ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी राज्यसचिव ब्रॅड रॅफेन्सपर्गर यांना दूरध्वनी करून आपल्याला ११,७८० मते शोधून हवी आहेत असे सांगितले. दोघेही एकाच पक्षाचे. रॅफेन्सपर्गर यांनी आकडा बदलला नाही. मोर्तब झालेल्या पत्रात अक्षर वाढविता येत नाही, हेच त्यांनी प्रत्यक्ष कृतीने सांगितले. त्याच वर्षीच्या नव्या कायद्याने राज्य निवडणूक मंडळातील त्यांचे अध्यक्षपद व मताधिकार काढून घेण्यात आला. १८७२ मध्ये मुद्रा घेऊन जाणाऱ्यास सोन्याची प्रतिकृती मिळाली होती. आकडा जसाच्या तसा राखणाऱ्याच्या वाट्यास हे आले.

या इतिहासातून एखाद्या व्यक्तीचे स्तोत्र रचणे सोपे आहे. परंतु ज्या पदाचा निःपक्षपातीपणा दरवेळी एका माणसाच्या सचोटीवर टांगलेला असतो, त्या पदाची रचना सदोष आहे असेच म्हणावे लागते. फॉर्टसन आणि रॅफेन्सपर्गर यांनी मर्यादा पाळली, ती त्यांनी पाळावयाचे ठरविले म्हणून. मर्यादा माणसाच्या मनात असावी हे उत्तम. ती कायद्यातही असावी, हे त्याहून आवश्यक.