भादलीचा निकाल आणि बायकांची जागा



पत्रिकेत आजच्या विषयाचं नाव भारदस्त छापलंय. 'पारलिंगी व्यक्तींचे हक्क आणि स्त्रियांसाठी राखीव जागा.' हा वाद आपल्यापर्यंत येतो तो बहुतेक मोबाइलवरून. इंग्लंडात कुणी कुठल्या खोलीत कपडे बदलले, अमेरिकेत शर्यतीत कोण पळालं, असले व्हिडिओ आपण बघतो आणि दोन बाजूंपैकी एकीकडे उभे राहतो. एक बाजू म्हणते, बायकांची जागा धोक्यात आहे. दुसरी म्हणते, असं म्हणणारे मागासलेले. आम्हाला आज या दोन्ही बाजू थोडा वेळ दूर ठेवायच्या आहेत. आपल्या भाषेत, आपल्या ग्रामपंचायतीत, आपल्याच हायकोर्टाच्या खंडपीठापुढे हा प्रश्न एकदा येऊन गेलेला आहे. त्या निकालाची समीक्षा करावी, पुस्तकाची करतात तशी, एवढाच आजचा बेत आहे.

प्रकरण जळगाव तालुक्यातल्या भादली बुद्रुकचं. २०२० च्या डिसेंबरात ग्रामपंचायत निवडणुकीचे अर्ज भरले गेले. अंजली गुरू संजना जान, ज्यांना बातम्यांमधून लोक अंजली पाटील म्हणून ओळखतात, त्यांनी सर्वसाधारण महिलांसाठी राखीव असलेल्या जागेवर अर्ज भरला. छाननीत तो बाद झाला. जागा महिलेची आणि अर्जदार तृतीयपंथी, असं कारण. तृतीयपंथीयांसाठी वेगळी जागा तर कुठंच नव्हती. त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. २ जानेवारी २०२१ रोजी न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी अर्ज स्वीकारा असा आदेश दिला. त्याच महिन्यात मतदान झालं आणि त्या निवडून आल्या. परभणी जिल्हाही त्याच खंडपीठाच्या कक्षेत येतो. म्हणजे उद्या तुमच्या गावात असा अर्ज आला, तर छाननीच्या टेबलावर हाच निकाल उघडला जाणार.

याच्या आधीची एक गोष्ट शेजारच्या मध्य प्रदेशातली. कटनीचं महापौरपद महिलांसाठी राखीव होतं आणि तिथं कमला जान नावाच्या किन्नर निवडून आल्या. लोकांनी मतं दिली, कोर्टानं निवड रद्द केली, कारण त्या कायद्याच्या दृष्टीनं स्त्री नाहीत. २००३ मध्ये तिथल्या हायकोर्टानं ते कायम ठेवलं. कटनी आणि भादली यांच्या मधे काय घडलं? १५ एप्रिल २०१४ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल घडला, ज्याला सगळे 'नालसा' म्हणतात. माणसानं स्वतःला पुरुष, स्त्री की तृतीयपंथी म्हणायचं हे त्यानं ठरवावं, शस्त्रक्रियेची अट घालू नये, असं त्यात सांगितलं गेलं. मग २०१९ चा कायदा आला आणि स्वतःला जाणवणाऱ्या ओळखीचा हक्क त्यातही लिहिला गेला. भादलीचा निकाल या पायावर उभा आहे.

आता समीक्षा. निकालाचा शेवट आम्हाला मान्य आहे, आधी तेच सांगून टाकतो. पण तिथवर जाण्याची वाट अर्धीच बांधलेली आहे. निकाल म्हणतो, अर्जदारानं स्त्री ही ओळख निवडली, तो तिचा हक्क, म्हणून अर्ज घ्या. आणि सोबत नोंद करतो की यापुढे आयुष्यभर त्या हीच ओळख ठेवतील, संधी साधण्यासाठी पुरुष म्हणून परत वळणार नाहीत. अपवाद एकच ठेवलाय, सार्वजनिक जीवनात तृतीयपंथीयांसाठी राखीव जागा निर्माण झाली तर.

या नोंदीपाशी जरा थांबू या. राखीव जागेवर लढणाऱ्या दुसऱ्या कुठल्या बाईकडून असा आयुष्यभराचा शब्द आपण घेतो का? आणि तो अपवाद बघा. उद्या वेगळी जागा निघाली तर त्या तिकडे जाऊ शकतात. म्हणजे त्या स्त्री आहेत, की दुसरी जागा नाही म्हणून तोवर इथं बसवलेल्या आहेत? निकाल दोन्ही म्हणतो. एका हातानं ओळख मान्य करतो, दुसऱ्या हातानं 'तात्पुरती सोय' असा शेरा मारतो.

असं का झालं? आमच्या मते, कोर्टानं एक साधा प्रश्न विचारलाच नाही. महिलांची जागा मुळात राखीव का ठेवली?

याचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली, एक तृतीयांश जागा बायकांना मिळाल्या. महाराष्ट्रानं २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. त्या कशासाठी? चावडीवर बाईला बोलू दिलं जात नव्हतं म्हणून. गावाचा पैसा कुठं खर्चायचा हे ठरवताना ती बाहेर उभी होती म्हणून. इथं अंग झाकण्याचा प्रश्न नव्हता, बोलण्याचा होता. मग कसोटीही तीच लावायची. भादलीच्या खुर्चीवर अंजली पाटील बसल्या, तर खुर्चीचा हेतू बुडाला का? हिजड्याला गावात काय मिळतं ते बघा. घर सुटतं, शाळा सुटते, सातबाऱ्यावर नाव लागणं अवघड होतं, रेशनकार्डासाठी खेटे घालावे लागतात. चावडीबाहेर उभं राहिलेलंच ते माणूस आहे. त्या खुर्चीचा हेतू बुडवणारा खरा माणूस तुम्ही रोज बघता. शिक्का बायकोच्या नावाचा, सही बायकोची आणि बैठकीत बोलतो नवरा. सरपंचपती. तो छाननीत कधीच बाद होत नाही, कारण अर्जावर त्याचं नाव नसतं.

इथं कुणी भगिनी म्हणेल, आणि म्हणायलाच हवं: 'त्या मुलगी म्हणून वाढल्या नाहीत. त्यांचं सोळाव्या वर्षी लग्न लावलं नाही, त्यांना पाळी नाही, बाळंतपण नाही. आमच्या जागेवर बसून त्या आमचं काय बोलणार?' हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेणार नाही. अनुभव वेगळा आहे, हे खरं आहे. पण बायका-बायकांत अनुभव एक आहे का? कोयता घेऊन ऊसतोडीला जाणारी बाई आणि बागायतदाराच्या घरातली बाई एकाच महिला जागेवर लढू शकतात. त्यांचं जगणं किती सारखं? तो फरक कायद्यानं ओळखला तेव्हा काय केलं? अनुसूचित जाती, जमाती, इतर मागास यांच्यातल्या बायकांसाठी आतमध्ये वेगळे कप्पे केले. कुणालाही 'तू पुरेशी बाई आहेस का' असं विचारलं नाही. तोच मार्ग इथं आहे. नालसाच्या निकालानं तृतीयपंथीयांना सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास मानून आरक्षण द्यायला सांगितलं होतं. पंचायतीतही त्यांची वेगळी जागा मागता येईल, मागावी. ती येईपर्यंत आहे तो दरवाजा बंद करू नये.

आकडाही सांगून ठेवतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात स्त्रिया सुमारे ५ कोटी ४१ लाख. 'इतर' या रकान्यात ४०,८९१. एवढ्यांनी बायकांच्या जागा बळकावल्या, हे भय आकड्याला धरून नाही. पण माणसं थोडी आहेत म्हणून त्यांचा हक्क सोडून द्यायचा, असंही नाही आणि थोडी आहेत म्हणून बाईनं तिची शंका गिळायची, असंही नाही.

कारण दुसऱ्या प्रकारची जागा आता येते. दवाखान्यातला बायकांचा वॉर्ड, वसतिगृह, तुरुंग, संडास. या जागा बोलण्यासाठी राखलेल्या नाहीत, अंगाच्या सुरक्षिततेसाठी राखलेल्या आहेत. इथं बाईची धास्ती शिकवून आलेली नाही, भोगून आलेली आहे. तिला मागास म्हणणं हा अन्याय. पण हीच धास्ती पारलिंगी स्त्रीलाही आहे. तिला पुरुषांच्या वॉर्डात किंवा पुरुषांच्या बराकीत टाकून बघा. मग दोघींनी एकाच दारासाठी भांडायचं का? आपल्याकडे यावर काही विचार झालेला आहे. नालसानं दवाखान्यातली सोय आणि वेगळी सार्वजनिक स्वच्छतागृहं करायला सांगितलं. २०२२ च्या जानेवारीत केंद्रीय गृह मंत्रालयानं तुरुंगांत वेगळी व्यवस्था करा, असं राज्यांना कळवलं. कागदावर का होईना, तिसरा दरवाजा आहे.

इंग्लंडच्या वादात तो जवळजवळ नाही, आणि म्हणून तो वाद जसाच्या तसा इथं आणणं चूक आहे. १६ एप्रिल २०२५ रोजी तिथल्या सुप्रीम कोर्टानं पाच न्यायाधीशांच्या एकमतानं सांगितलं की २०१० च्या समानता कायद्यात 'स्त्री' म्हणजे जन्मतः स्त्री. आपल्याकडे काहींनी लगेच जाहीर केलं, 'बघा, जगाचा निकाल लागला!' तो एका कायद्यातल्या शब्दाचा अर्थ होता. पारलिंगी माणसांना भेदभावापासून असलेलं संरक्षण कायम आहे, हेही त्याच निकालात लिहिलेलं आहे. तिथं दोन कप्पे आहेत, म्हणून भांडण 'आत की बाहेर' एवढंच उरतं. आपल्याकडे तीन आहेत. आपली अडचण वेगळी आहे. तिसरा कप्पा कागदावर आहे आणि विटांचा कुठंच नाही. मुळात दुसराच नीट बांधलेला नाही. मुंबईत बायकांना मुतारीसाठी 'राइट टू पी' नावाची मोहीम चालवावी लागली. आपल्या बाजारपेठेत, एसटी स्टँडवर, कारखान्याच्या ऊसतोड टोळीत बाईची बंद दाराची जागा कुठल्या हिजड्यानं पळवलेली नाही. ती बांधलीच गेली नाही. प्रत्येकाला स्वतंत्र खोली, आतून कडी, दिवा, पाणी आणि बाहेर राखणीला माणूस, एवढं झालं की निम्मं भांडण गवंडी मिटवतो.

आणखी एक गोष्ट, जी या वादात दोन्ही बाजू फारशी काढत नाहीत. २०१९ च्या कायद्याचं कलम १८ वाचा. पारलिंगी व्यक्तीवर लैंगिक अत्याचार केला तर शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं. बाईवर बलात्कार केला तर आजच्या फौजदारी कायद्यात किमान दहा वर्षं. म्हणजे उमेदवारी अर्जावर अंजली पाटील स्त्री, आणि त्याच स्त्रीवर अत्याचार झाला तर हा कायदा तिला दोन वर्षांच्या मापानं मोजणार. ओळख मान्य करणं स्वस्त असतं, संरक्षण महाग असतं. भादलीच्या निकालाचं कौतुक करणाऱ्यांनी हे कलमही वाचावं. आणि 'आमच्या जागा वाचवा' म्हणणाऱ्या भगिनींनीही वाचावं. अत्याचाराला सूट द्यायची सवय लागली की ती एका कप्प्यात थांबत नाही.

हे सगळं आत्ता बोलायचं कारण काय? १०६ वी घटनादुरुस्ती २०२३ मध्ये झाली. लोकसभा आणि विधानसभेत बायकांना एक तृतीयांश जागा. जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर ती लागू होईल, असं तिच्यात म्हटलेलं आहे. तेव्हा भादलीचा प्रश्न ग्रामपंचायतीचा राहणार नाही. जिंतूरची विधानसभेची जागा महिलेसाठी निघाली आणि एका पारलिंगी स्त्रीनं अर्ज भरला, तर? त्या दिवशी मोठमोठे पक्ष, मोठमोठे वकील उतरतील, आणि आपण तयारी केली नाही तर मोबाइलवरचीच दोन वाक्यं आपल्या तोंडून निघतील.

तयारी म्हणजे फार काही नाही. बायकांच्या जागांची नावं एकाखाली एक लिहा. पंचायतीची खुर्ची, वॉर्ड, संडास, वसतिगृह, रेल्वेचा लेडीज डबा, बचतगट. प्रत्येकीपुढे लिहा, ती कशापासून वाचवायला राखली. मग बघा, पारलिंगी स्त्री आत आल्यानं ते कारण मोडतं का, आणि ती बाहेर राहिल्यानं तिच्यावर तेच संकट येतं का. खुर्चीपुढे एक उत्तर येईल, तुरुंगापुढे दुसरं. सगळ्या जागांना एकच उत्तर देणारा माणूस आला, या बाजूचा असो की त्या, त्याला यातली एक जागा प्रत्यक्ष दाखवा आणि विचारा, 'इथं काय करायचं?'

आमचं बोलणं इथं संपतं. आता तुमचे प्रश्न घेऊ, आधी मागच्या रांगेतल्या भगिनींचे.