थोरलीचं कार्ड

मंडळींच्या गुडघ्याचं ऑपरेशन मुंबईला करायचं ठरलं आणि मी अडीच महिने घाटकोपरला थोरल्या लेकीकडं राहिलो. घर भटवाडीत, चढावर, तिसऱ्या मजल्याला. विमान इतकं खाली येतं की पहिल्या दिवशी मी ताटावरनं उठून खिडकीत गेलो. रिकामं बसायची मला सवय नाही. गावाकडं ऊस, जनावरं, पाण्याची पाळी. इथं पाणी नळाला येतं आणि लेक ते भरून ठेवते. ती पहाटे चारला उठून पंचवीस डबे करते. तिच्या पायात येण्यापलीकडं मला काही काम नव्हतं. चार दिवस माझी तऱ्हा बघून तिनं कपाटातनं एक मळकं कार्ड काढलं.

"आबा, खाली वाचनालय आहे. माझ्या नावावर एक पुस्तक मिळतंय. बदलत जावा."

लेक वाचते हे मला तेव्हा कळलं. मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

माझं म्हणाल तर 1975 साली अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावी आली, त्या पहिल्या बॅचचा मी. पुढं नांगर. वाचन म्हणजे बाबुराव अर्नाळकर. फडात ऊसतोड चालू असताना पाल्याच्या ढिगाआड बसून झुंजार आणि काळापहाड वाचलेत, आणि त्यापायी वडलांचा चाबूकही खाल्लाय. हजाराच्या वर कादंबऱ्या लिहिल्या त्या माणसानं. वाचनालयात एक मिळाली, मुखपृष्ठ गेलेली. दोन तासांत संपली. लहानपणी वाटायचं, पिस्तूल आणि मोटारीमुळं हे गोड लागतंय. आता कळलं, गोडी दुसरीकडं होती. त्यात हरवलेलं शेवटच्या पानापर्यंत सापडतं, खोटं उघडं पडतं आणि प्रकरण मिटतं. आमच्या बांधाचा दावा अठरा वर्षं चाललाय. ज्याच्या घरात कशाचाच निकाल लागत नाही, त्याला शंभर-सव्वाशे पानांत निकाल देणारा माणूस देवासारखा वाटणार. जाणत्या लोकांनी अर्नाळकरांना ओसरीवरसुद्धा बसवलं नाही, पण मराठी मुलखात किती जणांना अक्षराची गोडी त्यांनी लावली, याचा हिशेब कुणी मांडला तर बरं होईल.

वाचनालयातल्या बाई मोठ्या धोरणी. मी दुसऱ्यांदा गेलो तर म्हणाल्या, "काका, शेतकरी ना तुम्ही? मग हे न्या," आणि दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' हातात ठेवलं. 1956 सालचं पुस्तक, बारा महिन्यांवरचं. मला वाटलं पंचांगासारखं काही असंल. आधी राग आला. आमचा आषाढ म्हणजे भांगलण, वाकून वाकून कंबरेचा खुळखुळा. या बाईंचा आषाढ ढगाचा आणि रंगाचा. एवढी झाडं, एवढी फुलं, आणि खुरपं धरलेला हात कुठं नाही! हे माझं भांडण अजून मिटलेलं नाही. पण एक कबूल करतो. आमच्या बिल्डिंगीखाली एक पिंपळ होता. पुस्तक वाचत होतो त्या आठवड्यात त्याला नवी पालवी फुटली, तांब्याच्या घासलेल्या भांड्यासारखी. गावात पाराचा पिंपळ आहे, त्याच्याखाली साठ वर्षं बसलोय, पण तो पालवताना मी कधी मान वर करून बघितलं नव्हतं. मुंबईत राहणाऱ्या बाईनं ते बघायला लावलं. ज्याच्या पोटापाण्याशी एखाद्या गोष्टीचा संबंध नसतो त्यालाच ती नीट दिसते की काय कोण जाणे.

मग अण्णाभाऊंचा 'फकिरा'. मी वाळवा तालुक्यातला, वाटेगाव आमच्यापासून लांब नाही, त्यामुळं गोष्ट कानावरनं ठाऊक होती, पण पुस्तक सरळ वाचलं ते आता. पहिल्याच प्रकरणात राणोजी शिगावची जोगणी आणायला निघतो आणि तिथनं पुस्तक खाली ठेवता येत नाही. अलीकडच्या पुष्कळ कादंबऱ्यांत माणूस खुर्चीवर बसून चाळीस पानं विचार करतो. इथं माणसाला विचार करायला सवड नाही. गाव उपाशी आहे, धान्य आणायचं आहे. कुणी म्हणतं, फकिरा फार मोठा करून ठेवलाय, असा माणूस नसतो. मलाही ते थोडं वाटलं. एवढा धिप्पाड आणि एवढा निर्मळ नायक मी पंचक्रोशीत बघितला नाही.

पण मग एका संध्याकाळी नातीला घेऊन चिरागनगरला गेलो. भटवाडीतनं चालत जाता येतं. अण्णाभाऊ तिथल्या झोपडपट्टीत राहात होते. 1959 साली 'फकिरा' आला, 1961 मध्ये त्याला सरकारचं बक्षीस मिळालं, तरी दारिद्र्य हटलं नाही आणि 1969 साली ते गेले. चिंचोळ्या गल्ल्या, डोक्यावर वायरी, समोरनं माणूस आला की अंग चोरायचं. नात म्हणाली, "आबा, इथं बसून ते शेतं कशी लिहायचे?" मला उत्तर सुचलं नाही. पण रात्री झोपताना माझं स्वतःचं रान डोळ्यांपुढं आलं तर ते तीन एकर नव्हतंच, तीस एकर असल्यासारखं दिसत होतं. बांधावरची बाभळसुद्धा आंब्याएवढी. लांबनं बघितलं की रान मोठं होतं, आणि रानातली माणसंही. फकिरा मोठा झाला तो खोटेपणानं नव्हे, एवढं मी माझ्यापुरतं ठरवलं.

मधे नातीनं तिच्या शाळेच्या लायब्ररीतली जयंत नारळीकरांची 'यक्षांची देणगी' दिली. त्यातली 'कृष्णविवर' ही कथा त्यांनी 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला दुसऱ्याच नावानं पाठवली होती आणि ती पहिली आली, हे ऐकून मला लेखक आवडला. गोष्टी समजल्या. नात मात्र त्यांत इतकी बुडालेली की जेवायला हाक मारून कुणी थकावं. मला त्या लागल्या नाहीत. विहिरीचं तसंच असतं, शेजाऱ्याला वीस फुटांवर पाणी आणि आपल्याला चाळिसावर खडक. म्हणून शेजाऱ्याची विहीर खोटी होत नाही.

शेवटचा महिना राहिला तेव्हा मी बाईंना म्हणलं, आता शेतकऱ्याचं काहीतरी द्या, खुरपं धरलेला हात असलेलं. त्यांनी आनंद यादवांची 'झोंबी' दिली. 1987 सालचं पुस्तक, पुढं साहित्य अकादमीही मिळालेलं, आणि मी एवढ्या उशिरा वाचतोय. कागलचा पोरगा, शिकायचं म्हणतोय, बाप शाळेतनं काढून पाण्यावर ठेवतोय. सगळ्यांना ठाऊक आहे म्हणतात ही कथा.

वाचणाऱ्यानं पोराच्या बाजूनं उभं राहायचं, असंच ते लिहिलंय. ढोरं राखताना पोरगं म्हशीच्या पाठीवर काडीनं कवितेची ओळ लिहितं तिथं कुणाचा जीव भरून येणार नाही? पण माझा पाय अडकला तो बापाकडं. बाप गुऱ्हाळ गावाच्या आधी लावतो. बाजारात गूळ नसतो तेव्हा भाव चढा मिळतो, हा त्याचा हिशेब. उशिरा लावणाऱ्याचा हिशेब निराळा, ऊस पिकू द्यावा, गूळ जादा पडतो. दोन्ही हिशेब पुस्तकात आहेत, आणि दोन्ही मी केलेत. लेखकाला बापाचा राग आहे, तरी त्यानं बापाचं तोंड बांधलेलं नाही. तो बोलतो, आणि तो जे बोलतो त्यातलं निम्मं मी माझ्या घरात बोललेलो आहे. शिकून काय बॅरिस्टर व्हायचंय? जनावरं कुणी बघायची? शब्द न् शब्द नसेल, पण सूर तोच.

1996 साली थोरली सातवी पास झाली. वर्गात दुसरी. हायस्कूल चार किलोमीटरवर, म्हातारी अंथरुणाला खिळलेली, दोन म्हशी दुभत्या. मी म्हणलं, बास झालं. तिच्या भावाला मात्र पुढं घातलं. ती रडली नाही, त्यामुळं मला वाटलं तिला चाललं. इतकी वर्षं मला तसंच वाटत होतं.

पुस्तक संपल्यावर मागचं पान उघडलं. तिथं चिकटवलेल्या कागदावर तारखा आणि सभासदाचा नंबर लिहितात. महिनाभर रोज तो नंबर मी कार्डावर बघत होतो. माझ्या वेळचा धरून तो पाचदा होता. म्हणजे चार वेळा हे पुस्तक आधी या घरात येऊन गेलं होतं.

रात्री ती भाजी निवडत बसली होती, दुसऱ्या दिवशीच्या डब्यांची. मी म्हणलं, "झोंबी वाचली बघ मी."

"हं."

"बाप कसा वाटला तुला त्यातला?"

ती जरा थांबली. मला वाटलं आता येणार. पाठ वाकवून बसलो होतो, वडलांच्या चाबकापुढं बसायचो तसा.

"बापाचं काय, आबा. बाप सगळीकडं तसलेच असत्यात. मला त्यातली आई आवडली. रात्रीचं पोराला घेऊन दत्ताजीरावाच्या वाड्यावर जाती आणि सांगती, ह्याच्या बापाला समजवा म्हणून. नवऱ्याच्या माघारी जाती." गवारीच्या शेंगा तिनं पुन्हा हातात घेतल्या. "तेवढं पान वाचायला आणती मी."

आतल्या खोलीत मंडळी गुडघ्याखाली उशी घेऊन पडल्या होत्या. "काय म्हणती गं?" असा आवाज आला. आम्ही दोघंही काही बोललो नाही.

सकाळी पुस्तकाची मुदत संपत होती. मी वाचनालयात गेलो. बाईंनी दुसरं काढून ठेवलं होतं, कुठलं तरी प्रवासवर्णन. म्हणलं, ते राहू द्या, हेच अजून सात दिवस लिहा. त्यांनी शिक्का मारला आणि तारखेपुढं थोरलीचा नंबर लिहिला. घरी येऊन मी ते मंडळींच्या उशाशी ठेवलं. त्यांना चौथीपर्यंतचं वाचता येतं, सावकाश.